दर भावपत्रकाला येणारा ५०२ : रीस्टार्टआधी लोड बॅलन्सरचा लॉग वाचा

सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या घाऊक पेढ्यांकडे आता बऱ्याच ऑर्डरी वेबसाइटवरून येतात. नवं भावपत्रक निघालं की पेढी सकाळी अकराच्या सुमारास व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकते. थोड्याच वेळात साइट अडखळायला लागते. कुणाला ५०२ हा एरर कोड दिसतो, कुणाला ५०३, तर कुणाचं पान नुसतंच फिरत राहतं. पेढीवरून फोन येतो, "साहेब, साइट परत बसली. तेवढं चालू करून द्या." "करतो, मालक," असं म्हणून कुणीतरी अपाचे, म्हणजे साइट चालवणारा वेब सर्व्हर, रीस्टार्ट करतं आणि साइट चालू होते. पुढच्या भावपत्रकाला पुन्हा तेच.

रीस्टार्टने बरं वाटतं, कारण तोवर गर्दीच ओसरलेली असते. शिवाय रीस्टार्ट करताना ज्यांची ऑर्डर अर्धवट होती, त्यांची ऑर्डर मधल्यामध्ये तुटते. त्यामुळे रीस्टार्टला मी इलाज मानत नाही. सर्व्हरसमोर प्रोग्रॅम करता येणारा लोड बॅलन्सर, म्हणजे आलेल्या विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटून देणारी यंत्रणा, असेल तर या दुखण्याचं निदान आणि बराचसा इलाज, दोन्ही तिथेच होतात. तेही वेबसाइटच्या कोडला फारसा हात न लावता.

खालची मांडणी एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरची २.० किंवा त्यापुढची आवृत्ती, तिच्यामागे दोन अपाचे सर्व्हर, त्यावर पानं बनवणारं पीएचपी आणि एक मायएसक्यूएल डेटाबेस अशी धरली आहे. एफ५ कंपनीचा लोड बॅलन्सर वापरणाऱ्यांना हीच कामं त्याच्या आयरूल्स या नियमांत टीसीएल भाषेत करता येतात. एनजिनएक्सवाल्यांना सेटिंगची नावं वेगळी दिसतील, पण विचार तोच.

आधी लॉगमधली दोन अक्षरं

एचएप्रॉक्सीत एचटीटीपी लॉगचा पर्याय सुरू आहे का आणि तो लॉग सिसलॉग या लॉग गोळा करणाऱ्या सेवेमार्फत खरोखर फाइलमध्ये उतरतोय का, हे आधी बघा. पुष्कळ ठिकाणी सेटिंग असतं, पण सिसलॉगचं काम करणाऱ्या आरसिसलॉगमध्ये जोडणी केलेली नसते. मग गरजेच्या वेळी फाइल रिकामी सापडते.

लॉगच्या प्रत्येक ओळीत तिरप्या रेघांनी तोडलेले पाच आकडे असतात, सगळे मिलिसेकंदात. दुसरा आकडा म्हणजे विनंती लोड बॅलन्सरच्या रांगेत किती वेळ थांबली. तिसरा, सर्व्हरशी जोडणी व्हायला किती वेळ लागला. चौथा, सर्व्हरने उत्तराची सुरुवात करायला किती वेळ घेतला. त्यापुढे एचटीटीपी कोड आणि थोडं पुढे चार अक्षरांची एक खूण असते. यातली पहिली दोन अक्षरं महत्त्वाची. व्यवहार कुणी तोडला ते पहिलं अक्षर सांगतं आणि कुठल्या टप्प्यावर तुटला ते दुसरं.

समजा ओळीत ०/०/०/-१/४८१२ असे आकडे आहेत, कोड ५०२ आहे आणि खूण एसएच आहे, दोन्ही अक्षरं कॅपिटल. याचा अर्थ रांग नव्हती, जोडणी लगेच झाली, पण उत्तराचे हेडर, म्हणजे सुरुवातीचा माहितीचा भाग, पूर्ण येण्याआधीच सर्व्हरने जोडणी तोडली. चौथ्या जागी -१ आहे तो त्यामुळेच. आता ०/५००१/-१/-१/५००१, कोड ५०३ आणि खूण एसक्यू, त्यात एस स्मॉल, अशी ओळ घ्या. इथे विनंती ५ सेकंद रांगेत उभी राहिली आणि सर्व्हरपर्यंत पोचण्याआधीच मुदत संपली. ग्राहकाला दोन्ही वेळा "साइट बंद" एवढंच दिसतं, पण दुखणी दोन टोकांची आहेत.

एस कॅपिटल असेल तर सर्व्हरने स्वतः जोडणी तोडली किंवा नाकारली. स्मॉल असेल तर सर्व्हरच्या बाजूची वेळमर्यादा संपली. स्मॉल एस आणि एच, सोबत ५०४, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे पण उत्तर देत नाही. एससी, सोबत ५०३, म्हणजे सर्व्हरने दारातूनच परत पाठवलं. आणि आणखी एक गोष्ट, जी हमखास नजरेतून सुटते: कोड ५०२ किंवा ५०३ आहे, पण खुणेच्या जागी चारही आडव्या रेघा आहेत. मग लोड बॅलन्सरच्या दृष्टीने व्यवहार सुरळीत पार पडला, तो कोड सर्व्हरनेच पाठवला. तेव्हा लोड बॅलन्सरमध्ये शोधत बसू नका, सरळ अपाचे आणि पीएचपीचे एरर लॉग उघडा.

अकराच्या आसपासच्या तासाभराच्या ओळी काढा आणि कुठली खूण किती वेळा आली ते मोजा. भावपत्रकाच्या गर्दीत बहुतेक वेळा दोन गोष्टी दिसतात: सुरुवातीला चौथा आकडा वाढत वाढत ५०४ येतात, आणि मग एक सर्व्हर "डाउन" झाल्याची नोंद येते. ती नोंद आली की पुढच्या मिनिटाभरात दुसराही जातो.

दोन्ही सर्व्हर पाठोपाठ का पडतात

अपाचेच्या प्रीफोर्क पद्धतीत (प्रत्येक जोडणीला वेगळी प्रोसेस) एका वेळी किती प्रोसेस चालतील याची मर्यादा मुळात २५६ असते. आता मेमरीचा हिशोब करा. पीएचपीसकट एक प्रोसेस ५० एमबी खात असेल, तर २५६ प्रोसेसना १२,८०० एमबी लागतील. सर्व्हरची मेमरी ८ जीबी असेल तर एवढ्या प्रोसेस उभ्या राहायच्या आतच सर्व्हर स्वॅपवर जातो, म्हणजे मेमरीचं काम डिस्ककडून करून घ्यायला लागतो. मग प्रत्येक विनंती कित्येक पट रेंगाळते. विनंत्या रेंगाळल्या की त्या साचतात, आणि साचल्या की आणखी प्रोसेस उभ्या राहतात.

अपाचेच्या सगळ्या प्रोसेस अडकल्या तरी नवीन जोडणी लगेच नाकारली जात नाही. ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रतीक्षायादीत पडून राहते. अपाचे ही यादी मुळात ५११ ची मागतो. म्हणूनच लॉगमध्ये तिसरा आकडा, जोडणीचा, छान छोटा दिसतो आणि चौथा फुगलेला. लोड बॅलन्सरला वाटतं सर्व्हरने विनंती घेतली, पण प्रत्यक्षात तिला अजून कुणी हातही लावलेला नसतो.

लोड बॅलन्सर सर्व्हरची तब्येत तपासायला जी छोटी विनंती पाठवतो, तीही याच यादीत सगळ्यात शेवटी उभी राहते. एचएप्रॉक्सीत मुळात दर २ सेकंदांनी तपासणी होते आणि लागोपाठ ३ वेळा नापास झालेला सर्व्हर बाद होतो. म्हणजे निव्वळ गर्दीमुळे धडधाकट सर्व्हर बाद ठरतो. त्याचा सगळा भार दुसऱ्यावर जातो आणि तोही त्याच वाटेने जातो. यात हार्डवेअर बिघडलेलं नसतं, कोडही बिघडलेला नसतो. बिघडलेला असतो तो रांगेचा बंदोबस्त.

पहिला इलाज : रांग बाहेर आणा

आषाढीला पंढरपूरची दर्शनबारी कितीही लांब गेली तरी गाभाऱ्यात एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, म्हणून बारी सरकत राहते. सर्व्हरलाही हाच नियम लावायचा आहे.

आधी अपाचेची मर्यादा मेमरीला परवडेल एवढी खाली आणा. वरच्या उदाहरणात १०० प्रोसेस म्हणजे ५ जीबी, बाकी जागा ऑपरेटिंग सिस्टिमला. मग एचएप्रॉक्सीत त्या सर्व्हरच्या ओळीवर मॅक्सकॉन, म्हणजे त्याच्याकडे एका वेळी सोडायच्या विनंत्यांची मर्यादा, ९० ठेवा. हे १० कमी मुद्दाम ठेवायचे: तब्येतीच्या तपासणीला आणि वेळप्रसंगी तुम्हाला स्वतःला आत शिरायला वाट राहते. जास्तीच्या विनंत्या आता लोड बॅलन्सरच्या रांगेत थांबतील, जिथे त्यांना मेमरी अगदी थोडी लागते आणि त्या लॉगमध्ये दिसतात.

मर्यादा कमी केल्यावर साइट जलद कशी होईल, असा प्रश्न मालक विचारतातच, आणि तो रास्त आहे. उत्तर असं, की ९० विनंत्या मेमरीतच राहून झटपट निकालात निघतात आणि जागा लगेच मोकळी होते. २५६ जणी एकमेकींच्या पायात पाय घालून उभ्या राहिल्या तर कुणाचंच काम होत नाही.

यात एक खाच आहे. रांगेची वेळमर्यादा वेगळी लिहिली नाही, तर एचएप्रॉक्सी जोडणीचीच वेळमर्यादा रांगेलाही लावतो. ती बहुधा ५ सेकंद ठेवलेली असते. म्हणजे रांग तर तयार झाली, पण ५ सेकंदांत नंबर न लागलेला प्रत्येक जण ५०३ घेऊन बाहेर. वरची एसक्यूची ओळ याच प्रकारातली आहे. टाइमआउट क्यू, म्हणजे रांगेची वेळमर्यादा, स्पष्टपणे २० किंवा ३० सेकंद लिहा.

एचएप्रॉक्सी १.९ पासून रांगेत प्राधान्यही देता येतं आणि मला ही सोय फार मोलाची वाटते. पाथ, म्हणजे पत्त्यातला पानाचा भाग, बघून प्राधान्याचा वर्ग ठरवायचा. आकडा जितका लहान, तितका नंबर आधी. ऑर्डर नोंदवण्याच्या पानाला लहान आकडा द्या, नुसत्या डिझाइनच्या फोटोंना मोठा. हैदराबादचा व्यापारी ५० डझन टॉवेलची ऑर्डर टाकत असेल, तर नुसता भाव बघणाऱ्यांच्या मागे तो ताटकळता कामा नये. दोन ओळींचा नियम आहे, पण धंद्याला त्याचा फरक लगेच कळतो.

भावपत्रकाचं पान कॅशमध्ये ठेवायचं की नाही

गर्दीत सगळे एकच पान मागत असतात. पीएचपी मात्र प्रत्येकासाठी ते डेटाबेसमधून नव्याने बनवतं. १.८ पासून एचएप्रॉक्सीत छोटी कॅश, म्हणजे तयार पान साठवून ठेवायची जागा, आहे, तिची मुदत मुळात ६० सेकंद. एक मिनिट जुनं पान चालणार असेल तर डेटाबेसवरचा भार एकदम उतरतो.

पण कॅश लावूनही काही फरक पडला नाही, असं बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं. कारण पीएचपीत सेशन, म्हणजे ग्राहकाची ओळख लक्षात ठेवायची सोय, सुरू केलं की ते स्वतःहून "साठवू नका" असं हेडर पाठवतं आणि लोड बॅलन्सर ते पाळतो. इथे मोह होतो, की लोड बॅलन्सर प्रोग्रॅम करता येतो ना, मग नियम लिहून ते हेडर काढून टाकू. हे करू नका. त्या उत्तरासोबत सेशनची कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये राहणारी ओळखीची खूण, असेल, तर एका व्यापाऱ्याची कुकी दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये जाईल आणि एकाच्या खात्यात दुसरा शिरेल. सार्वजनिक भावपत्रकाच्या पानातून सेशन काढण्याचं काम वेबसाइट बनवणाऱ्याकडूनच करून घ्या. आणि पेढी प्रत्येक व्यापाऱ्याला वेगळा भाव देत असेल, तर ते पान कॅशमध्ये अजिबात ठेवायचं नाही.

पुन्हा पाठवायचं कुणाला

दिवसभर अधूनमधून, गर्दी नसतानाही, एखाददुसरा ५०२ येतो आणि खूण एसएच असते. हे दुखणं वेगळं. लोड बॅलन्सर सर्व्हरशी केलेली जोडणी पुढच्या विनंतीसाठी उघडी ठेवतो. अपाचे रिकामी जोडणी मुळात ५ सेकंदांनी बंद करतो. अपाचे बंद करत असतो नेमक्या त्याच क्षणी लोड बॅलन्सर तिच्यावरून नवी विनंती पाठवतो, आणि ती विनंती बळी जाते. इलाज साधा: रिकामी जोडणी बंद करण्याचं काम नेहमी लोड बॅलन्सरने आधी करावं. म्हणजे सर्व्हरची मुदत लोड बॅलन्सरपेक्षा मोठी ठेवायची. ॲमेझॉनचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर वापरणाऱ्यांनी हे जरूर बघा, त्याची मुदत मुळात ६० सेकंद आहे आणि मागे अपाचे ५ सेकंदांवर असतो.

तरीही उरलेल्या प्रसंगांसाठी २.० पासून रिट्राय-ऑनची सोय आहे. सर्व्हरने काहीच उत्तर न देता जोडणी तोडली, तर विनंती पुन्हा पाठवता येते. रीडिस्पॅच सुरू असेल तर ती दुसऱ्या सर्व्हरकडे जाऊ शकते. ग्राहकाला काही कळतही नाही.

मात्र हे फक्त वाचण्याच्या विनंत्यांना लावा. गेट, म्हणजे वाचण्याची, विनंती दोनदा गेली तर पान दोनदा बनेल, एवढंच. पोस्ट, म्हणजे माहिती पाठवण्याची, विनंती दोनदा गेली तर कदाचित ऑर्डर दोनदा नोंदली जाईल, कारण पहिल्या सर्व्हरने ऑर्डर लिहून घेऊन मग जोडणी तोडली की लिहिण्याआधीच तोडली, हे लोड बॅलन्सरला कळायला मार्ग नाही. गाडीत माल चढल्यावर हे लक्षात आलं तर निस्तरणार कोण? पद्धत पोस्ट असेल तर पुन्हा पाठवणं बंद, असा नियम एका ओळीत लिहिता येतो. एनजिनएक्सने १.९.१३ पासून हीच पद्धत मूळ वागणुकीत आणली. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये प्रत्येक वेळी वेगळा क्रमांक घालून डेटाबेसमध्ये तो एकदाच स्वीकारला जाईल असं केलं, तर ग्राहकाने स्वतः दोनदा बटण दाबलं तरी भीती नाही.

आयपीवर मर्यादा घातली तर आपलीच माणसं अडतात

गर्दी आवरायला पहिला नियम सुचतो तो असा: एका आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून, १० सेकंदांत इतक्याच विनंत्या. आपल्याकडे तो घातक ठरतो. मोबाइल कंपन्या एका सार्वजनिक आयपीमागे पुष्कळ ग्राहक ठेवतात. चाटी गल्लीतल्या चार दुकानांतले फोन बाहेरून एकाच पत्त्याचे दिसू शकतात. एकाने पान चारदा रिफ्रेश केलं की शेजारच्याला ४२९, म्हणजे "फार विनंत्या झाल्या" असा कोड, मिळतो.

एचएप्रॉक्सीच्या स्टिक टेबलला, म्हणजे विनंत्या मोजून ठेवणाऱ्या तक्त्याला, किल्ली म्हणून आयपीच द्यावा असं बंधन नाही. लॉगिन झाल्यावर मिळणाऱ्या कुकीची किंमत किल्ली म्हणून द्या आणि मर्यादा तिच्यावर मोजा. कुकी नसलेल्यांसाठी आयपीवरची मर्यादा ठेवा, पण सैल. सुरुवातीला अडवू नका, मर्यादा ओलांडणाऱ्यांची नुसती लॉगमध्ये नोंद होऊ द्या. एक-दोन भावपत्रकं जाऊ द्यात, कोण सापडतंय ते बघा आणि मग अडवायचं की नाही ते ठरवा.

सर्व्हरपर्यंत खरा आयपी पोचवायला एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर लागतं. बाहेरून आलेलं हेडर आधी काढून टाका आणि मगच आपलं लावा, नाहीतर ते कुणीही खोटं भरून पाठवू शकतं. एचटीटीपीएस लोड बॅलन्सरवरच संपत असेल तर एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोही पाठवा. ते नसेल तर साइट स्वतःलाच पुन्हा पुन्हा एचटीटीपीएसवर ढकलत राहते आणि ब्राउझर "फार रीडायरेक्ट झाले" म्हणून थांबतो.

तब्येतीची तपासणी

नुसतं पोर्ट उघडं आहे का एवढं तपासणं पुरेसं नाही. अपाचे अडकलेला असताना पोर्ट उघडंच असतं. एक छोटं पान ठेवा, ते डेटाबेसला अगदी हलका प्रश्न विचारून २०० देईल. मात्र डेटाबेस एकच असेल आणि तो मंदावला तर दोन्ही सर्व्हर एकदम बाद होतील. त्यासाठी मी दोन पानं वेगळी ठेवतो: लोड बॅलन्सरच्या तपासणीत फक्त पीएचपी चालतंय का, आणि डेटाबेसची तपासणी वेगळ्या देखरेखीत, जिथून आपल्याला निरोप येतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ऑफिसातच ज्यांचे सर्व्हर आहेत, त्यांनी स्लोस्टार्ट लावावा. वीज जाऊन एक सर्व्हर उठला की त्याच्यावर एकदम पूर्ण भार येत नाही, ठरवलेल्या वेळात तो हळूहळू चढतो. लोड बॅलन्सरही त्याच वेळी बंद पडून सुरू झाला असेल तर स्लोस्टार्ट लागू होत नाही, म्हणून त्याला वेगळा यूपीएस हवा.

तातडीचे नियम

प्रोग्रॅम करता येणाऱ्या लोड बॅलन्सरची खरी किंमत सुरक्षेच्या आणीबाणीत कळते. ऑगस्ट २०११ मध्ये अपाचेची एक दुखरी जागा उघडी पडली. रेंज हेडरमध्ये शेकडो तुकडे मागणारी एकच विनंती सर्व्हरची मेमरी खाऊन टाकायची. दुरुस्ती येईपर्यंत एक मार्ग असा होता, की पाचपेक्षा जास्त तुकडे मागणारं रेंज हेडर काढून टाकायचं. ज्यांच्याकडे लोड बॅलन्सरवर नियम लिहायची सोय होती, त्यांनी एका नियमात मागचे सगळे सर्व्हर झाकले. सप्टेंबर २०१४ च्या शेलशॉक या बॅश शेलमधल्या सुरक्षा-त्रुटीच्या वेळीही हेडरमधला ठरावीक अक्षरसमूह अडवून वेळ मिळवता आला.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीतल्या त्रुटीच्या वेळी मात्र या पद्धतीची मर्यादा दिसली. हल्लेखोर तोच मजकूर इतक्या तऱ्हांनी फिरवून लिहीत होते, की अक्षरं जुळवणारा नियम चुकवता येत होता. म्हणून असा प्रत्येक नियम लिहिताना वर टिप्पणीत तारीख, कारण आणि कुठली दुरुस्ती झाली की हा काढायचा, ते लिहा. नाहीतर दोन वर्षांनी तो नियम कशासाठी होता ते कुणालाच आठवत नाही आणि काढायची हिंमतही होत नाही.

१.६ पासून, म्हणजे २०१५ पासून, एचएप्रॉक्सीत लुआ भाषेत हवं ते लिहिता येतं. वर सांगितलेल्यातल्या एकाही कामाला लुआ लागत नाही. लागलंच तर त्यातून नेहमीच्या लायब्ररीने डेटाबेसला प्रश्न विचारू नका. एचएप्रॉक्सी एका थ्रेडवर हजारो जोडण्या सांभाळतो. लुआचा कोड उत्तराची वाट बघत अडला की त्या थ्रेडवरचे सगळे अडतात.

बदल करताना

कॉन्फिगरेशन बदललं की आधी तपासणीची आज्ञा चालवा, मग रीलोड करा, रीस्टार्ट नाही. भावपत्रकाच्या दिवशी अकराच्या आधी काहीही बदलू नका. एका वेळी एकच बदल करा आणि पुढच्या भावपत्रकाला पुन्हा खुणा मोजा. क्रम असा ठेवा: आधी मॅक्सकॉन आणि रांगेची मुदत, मग जोडणीच्या मुदती, मग कॅश, आणि मर्यादा सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन गोष्टींनीच बहुतेक ठिकाणी फोन थांबतो.

दिवसा सर्व्हर काढावाच लागला तर रनटाइम सॉकेटवरून (चालू एचएप्रॉक्सीला आज्ञा द्यायची वाट) तो ड्रेनमध्ये टाका. नवीन माणसं दुसरीकडे जातात, आतल्यांचं काम पुरं होतं, आणि जोडण्या शून्यावर आल्या की निवांत अपडेट करा.

एवढं करूनही गर्दीत कॅपिटल एसएच येतच राहिला, तर सर्व्हरवर कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, लॉग उघडून "आउट ऑफ मेमरी" शोधा. ऑपरेटिंग सिस्टिम अपाचेच्या प्रोसेस मारत असेल, तर तुमचा ५० एमबीचा अंदाज कमी पडतोय. गर्दीच्या वेळी एका प्रोसेसची खरी मेमरी मोजा, त्या आकड्याने पुन्हा भागाकार करा, आणि अपाचेची मर्यादा व मॅक्सकॉन दोन्ही त्याप्रमाणे खाली आणा.